पाच दिवसांचा परका

त्या साली कार्तिकात भात एकदम पिकलं आणि कापायला माणसंच उरली नाहीत. भिवंडीजवळच्या वळ गावाच्या अलीकडं, रस्ता सोडून आत, बावीस उंबऱ्यांची आळी. तिथले धडधाकट हात सगळे गोदामांत गेलेले. कुणी खोकी उचलत होतं, कुणी ट्रक भरत होतं, कुणी दारावर काठी घेऊन बसलं होतं. मागं उरल्या बाया, म्हातारे आणि वाऱ्यावर वाजणाऱ्या लोंब्या.

सीताबाईनं पदर कमरेला खोचला, भाताचा भारा दोन्ही हातांनी डोक्यामागं नेला आणि खळ्यातल्या फळीवर आपटला. दाणे टपटप उडाले. पुन्हा भारा वर, पुन्हा खाली. पन्नाशीची बाई, पण खांदे अजून तरण्या बैलासारखे. तिच्या समोर आबिदा आपटत होती. मधली गल्ली ओलांडली की आबिदाचं घर, घरामागं तिचा नवरा फखरुद्दीन याचे कापड विणायचे चार लूम. तीस वर्षं झाली, झोडणीला ही तिच्या खळ्यावर, ती हिच्या. एकीचा भारा खाली आला की दुसरीचा वर जायचा. त्या ठेक्यात सीताबाईच्या तोंडून ओवी आपोआप निघायची.

"खळ्यावर सोनं आलं, सोनं सुपात मावंना
हात भरून गेले बाई, नाव घेता येईना."

आबिदा थांबली. "हे नवीनच काढलंस गो."

"मग. जुनं गायलं तर तोंडातून 'माझा' निघून जाईल."

सीताबाईनं मानेनंच घराकडं खूण केली. उंबऱ्यात तिची सून दिपाली बसली होती, कानाला फडकं बांधून, मांडीवर बारा दिवसांचं लेकरू घेऊन. लेकरू पीत होतं आणि दिपाली त्याच्याकडं न बघता खळ्याकडं बघत होती. बघायची भीतीच वाटत होती तिला. पहिली मुलगी नऊ दिवसांची होऊन गेली. दुसरा मुलगा दीड महिना राहिला. त्या दीड महिन्यात दिपालीनं त्याला आळीतल्या दर दारी नेऊन दाखवलं होतं, माझा बघा, माझा. तो गेला त्या दिवसापासून तिच्या मनानं घेतलं, की आपण फार मोठ्यानं बोललो. कुणीतरी ऐकलं.

म्हणून हा तिसरा पोटात असतानाच सीताबाई नवस बोलून बसली होती, की याला उकिरड्याला द्यायचा.

"परत एकदा सांग," आबिदा पेंढा बाजूला टाकत म्हणाली. "माझ्याकडून चूक नको व्हायला."

"उद्या उजाडायच्या आधी मी त्याला सुपात घालून उकिरड्यावर ठेवीन आणि मागं न बघता घरात येईन. तू तिकडून यायचं, उचलायचं आणि मोठ्यानं म्हणायचं, माझा. तुझी पाचही जगलेली, ओसामापासून रमशापर्यंत. तुझ्या घरात सटवाई शिरत न्हाय."

"आणि ही?"

"हिनं पाच दिवस म्हणायचं, माझा न्हाय. कुणीबी इचारू दे. पाचव्या दिशी सूपभर कोंडा द्यायचा आणि सोडवायचा. कोंड्याच्या मोलाचं पोर. सटवाई म्हणंल, असलं न्हेऊन मी काय करू."

"अन् पाच दिवस पाजायचं कुणी? माझ्याकडं आता दोन रिकाम्या पिशव्या."

खळ्यावर दोघी इतक्या हसल्या की आबिदाला भारा खाली ठेवावा लागला. उंबऱ्यात दिपालीच्या ओठालाही किंचित बाक आला.

"हीच पाजंल," सीताबाई डोळे पुसत म्हणाली. "परक्याचं म्हणून पाजंल."

*

पहाटे दव असं पडलं होतं की उकिरड्यावरची राख ओली लागत होती. सीताबाईनं तिथं आधी पेंढ्याचा थर दिला, त्यावर गोधडी, त्यावर सूप. सुपात लूमच्या मऊ चिंध्यांत गुंडाळलेलं लेकरू. ते जागं होतं. अंधारात त्याचे डोळे तेवढे ओले चकाकत होते. सीताबाईनं त्याच्या कपाळाकडं नेलेला हात मध्येच मागं घेतला, वळली, घरात आली आणि दार लावलं.

दारामागं दोघी उभ्या राहिल्या. दिपालीनं सासूचा दंड धरला होता. नखं रुतत होती. बाहेरून आबिदाचा आवाज यायला हवा होता.

आला तो लूमचा. त्या साली विजेचा काही नेम नव्हता. रात्रभर गेलेली लाईट नेमकी त्याच घडीला आली आणि गल्लीपलीकडं चारही लूम एकदम खडखडायला लागले. शिफ्टचा कामगार झोपलेला, दोन लूमचे धागे तुटलेले, फखरुद्दीन ओरडत होता. आबिदा पदर सावरत दाराबाहेर पडली होती ती परत फिरली. पाचच मिनिटं, म्हणत धागे जोडायला बसली.

त्या पाच मिनिटांची वीस झाली. त्या वीस मिनिटांत रामनाथ ड्युटी संपवून निघाला.

रामनाथ नव्या गोदामाचा वॉचमन. जौनपूरकडचा. गोदामाची भिंत सीताबाईच्या बांधाला लागूनच, पण तो येऊन महिना झाला नव्हता आणि आळीचं त्याला काही ठाऊक नव्हतं. उकिरड्याजवळ कुत्रं घुटमळताना त्याला दिसलं. मग रडणं ऐकू आलं. त्यानं काठी आपटली, कुत्रं हाकललं, सूप उचललं. केबिनमध्ये नेऊन स्वतःची शाल पांघरली आणि कुणाही शहाण्या माणसानं केलं असतं तेच केलं. पोलिसांना फोन लावला.

आबिदा धापा टाकत उकिरड्यावर पोचली तेव्हा तिथं दबलेला पेंढा होता आणि रिकामी गोधडी.

*

ऊन अंगणात उतरलं तशी जीप आली. आधी एक पोलीस, मग लेकराला छातीशी घेतलेली एक महिला पोलीस, आणि तिच्यामागून फाईल धरलेली एक सडपातळ मुलगी. मुलांच्या सरकारी कार्यालयातून आलेली. रुचिका नाव. नोकरीला दोन महिने झाले होते.

आळी सगळी गोळा झाली. रुचिकानं विचारलं, "हे बाळ कुणाचं आहे?"

मग बाळाराम पुढं झाला. सत्तरीचा, आळीतला एकुलता एक टेम्पोवाला. "उकिरड्याचं हाय, बाई."

"म्हणजे कुणीतरी टाकलं ना?"

"टाकलं न्हाय. ठेवलं."

"कुणी ठेवलं?"

"ते सांगायचं नसतं."

बायांनी माना डोलावल्या. रुचिका एकेका तोंडाकडं बघत गेली. बावीस घरांची माणसं, आणि सगळ्यांचं एकच उत्तर. उकिरड्याचं हाय. वर सगळी लेकराकडं इतक्या मायेनं बघत होती की तिला काही उमगेना.

"कुत्ता था उधर, मैडम," रामनाथ म्हणाला. "एकदम पास में."

कुत्र्याचं सीताबाईला आत्ताच कळत होतं. आपण मागं बघितलं नव्हतं.

तेवढ्यात आबिदा गर्दी सारून पुढं आली. "द्या इकडं. माझा हाय."

रुचिकाचा चेहरा उजळला. "तुम्ही आई?"

"हो."

"वय किती तुमचं?"

"पन्नास. एक्कावन्न असंल."

रुचिकानं पेन खाली केलं. आळीत कुणीतरी खुसखुसलं. "बाळंतपण कुठं झालं?" तिनं विचारलं.

आबिदानं सीताबाईकडं पाहिलं. "ते... माझं न्हाय झालं."

"मग तुमचा कसा?"

"उचलणार हुते मी. लाईट आली म्हणून उशीर झाला."

पोलिसानं कपाळाला हात लावला. लेकरू एवढा वेळ गप्प होतं, ते आता रडायला लागलं. भुकेचं, आखडलेलं रडणं. गर्दीच्या कडेला दिपाली उभी होती. रुचिकाची नजर तिच्याकडं गेली. कानाला फडकं, पिवळट तोंड, अंगाला धुरी-शेपाचा वास. चोळीवर बघता बघता दोन ओले डाग उमटले आणि पसरत गेले.

रुचिका जवळ गेली. हळू बोलली. "ताई, तुम्ही बाळंतीण आहात ना. हे बाळ तुमचं आहे का?"

दिपालीनं ओल्या चोळीवर पदर घट्ट ओढला.

"न्हाय," ती म्हणाली. "माझा न्हाय."

रुचिकानं ते लिहून घेतलं. पोलिसानं सूपही जप्त केलं, त्याला चिठ्ठी बांधली आणि बाळारामचा पंच म्हणून अंगठा घेतला. तपासणी सरकारी दवाखान्यात, मग बालकल्याण समितीपुढं, मग शिशुगृह, एवढे शब्द सीताबाईच्या कानावर पडले. जीप वळली आणि धूळ खळ्यातल्या भातावर येऊन बसली.

सीताबाईला आत्तापर्यंत वाटत होतं, विचारतील, लिहितील, आबिदाच्या हाती देऊन जातील.

"बाळाराम," तिनं हाक मारली, "टेम्पो काढ."

*

टेम्पो पेंढ्यानं भरलेला होता. भिवंडीतल्या तबेल्यांना बाळाराम रोज पेंढा आणि कोंडा पोचवायचा. वर पेंढ्यात तिघी बसल्या. दिपालीच्या नवऱ्याला, कुणालला, काल्हेरच्या गोदामात फोन गेला होता. बाळंतपणाचा दवाखान्यातला कागद त्याच्या खिशातच असायचा. तो परस्पर येणार होता.

रस्त्यात खड्डा आला की दिपाली छाती धरायची. दूध दाटून दगड झालं होतं.

"ऐक," सीताबाई म्हणाली. "नवस मी बोलले हुते, मीच सोडला. तिथं गेलीस का सांग, माझा हाय. बाकी मी बघते."

दिपालीनं मान हलवली.

"अगं, पोर हातचं जाईल."

"जाऊ दे."

आबिदानं दचकून तिच्याकडं पाहिलं. दिपाली पेंढ्याची एक काडी बोटाला गुंडाळत होती, सोडत होती, पुन्हा गुंडाळत होती.

"आई, तिथं न्हेलं तर दूध देतील त्याला. कुणीतरी घेईल. मोठा होईल. मना दिसणार न्हाय, पण असंल कुठंतरी. आणि मी माझा म्हटला न् परत कुणी ऐकलं, तर?" ती थांबली. "दोनदा मी बोलले. तिसऱ्यांदा न्हाय बोलणार."

आजवर सुनेला सीताबाईनं कितीतरी गोष्टी करायला लावल्या होत्या. पाणी आण, भाकरी थाप, उठ, बस. आज लावलेली एक गोष्ट परत घ्यायची होती आणि सून देत नव्हती. सासूपेक्षा सून सासूचा शब्द घट्ट धरून बसली होती. सीताबाईला राग आला, आणि रागाच्या खाली काहीतरी भरून आलं. हिच्यात एवढा दम आहे हे आपल्याला घरात ठाऊक कसं नव्हतं.

"रडू नको," आबिदा म्हणाली. "पाच दिवस आई मी हाय. मी भांडते."

"तू भांडलीस म्हणून तर इथवर आलो," सीताबाई बोलली, आणि त्या तशा वेळीही आबिदा तोंडात पदर धरून हसली.

*

समितीची बैठक एका जुन्या कौलारू बंगल्यात होती. ओसरीत बाकडी, आत लांब टेबल. टेबलामागं अध्यक्षबाई, पिकल्या केसांच्या, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला. शेजारी दोघे सदस्य. रुचिका कोपऱ्यात लेकरू घेऊन उभी. त्यानं दवाखान्यातली बाटली तोंडात धरलीच नव्हती. रडून रडून दमलं होतं आणि रुचिकाच्या ओढणीचं टोक चोखत होतं. टेबलाखाली चिठ्ठी बांधलेलं सूप.

कुणाल आधीच पोचला होता. कंपनीचा निळा शर्ट, भुवयांवर पांढरी धूळ. अध्यक्षबाईंनी कागद वाचला. "दिपाली कुणाल... मुलगा, अडीच किलो. तुम्ही वडील?"

कुणालनं आईकडं पाहिलं. बापानं काय म्हणायचं ते त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

"बाप मी हाय," तो म्हणाला. "आई... आई पाच दिसांनी."

सदस्यांपैकी एकानं हसू आवरलं. अध्यक्षबाई हसल्या नाहीत. त्यांनी सगळं विचारलं. सीताबाईनं सगळं सांगितलं, दवापासून लूमपर्यंत, काही लपवलं नाही. आबिदानं मध्ये मध्ये भर घातली.

"आणि मग सूपभर कोंड्याच्या बदल्यात मूल देणार," अध्यक्षबाई म्हणाल्या. "मुलाची खरेदी-विक्री हा गुन्हा आहे, कल्पना आहे?"

"कोंड्यावर?" आबिदानं विचारलं.

"कशावरही."

आबिदा विचारात पडली. "मग नुसताच देते की."

"बाई, प्रश्न तो नाही." अध्यक्षबाईंनी चष्मा काढला. आवाज कडक होता, पण थकलेला. "या टेबलावर रोज एक बाळ येतं. कुणी पायरीवर ठेवलेलं, कुणी गटाराशी. माझ्यापुढं कागद आहे, की या मुलीला मुलगा झाला. हाच तो मुलगा, हे तिनं सांगायला हवं. सकाळी जबाबात ती नाही म्हणाली आहे. आईच नाही म्हणत असेल तर त्याला शिशुगृहात पाठवण्यावाचून माझ्या हातात काही नाही." त्या दिपालीकडं वळल्या. "तुला कुणी धमकावलंय का? सासूनं?"

सीताबाईला कुणीतरी कानाखाली मारल्यासारखं झालं. तिनं मान खाली घातली. विचारायला हवंच होतं त्यांनी. ती त्या खुर्चीत असती तर तिनंही विचारलं असतं.

"न्हाय," दिपाली म्हणाली. "आई तर सांगतात, बोल म्हणून."

"मग बोल."

दिपाली लेकराकडं बघत होती. तिच्या पदराचा पुढचा भाग पार भिजला होता.

शिपाई पाण्याचे ग्लास घेऊन आत आला होता. बुटका, पोट सुटलेला, मिशी सगळी पांढरी. तो मघापासून दारातच उभा राहून ऐकत होता. त्यानं ट्रे टेबलावर ठेवला आणि परत जायचं सोडून तिथंच थांबला.

"म्याडम, एक बोलू?"

"काय रे, चिंधू?"

"हेच बोलायचं हुतं. चिंधू. तुम्ही सात वर्षं हाक मारता. कुठल्या आईबापानं हौसेनं ठेवलं असंल असं नाव?"

चिंधूनं दोन्ही हात पाठीमागं बांधले.

"मी अंबाडी गावचा. माझ्या आधीची चार गेली. पाचवा मी. मना चिंधीत बांधून उकिरड्यावर ठेवला न् तेलीणबायनं उचलला. हे आजी सांगतात तस्संच." त्यानं सीताबाईकडं बोट केलं. "आमच्या शाळेत तीन चिंधू हुते, दोन केरू, एक दगडू. सगळे उचललेले. सगळ्यांच्या आया घरात दार लावून उभ्या ऱ्हायलेल्या. टाकणारी बाई दारामागं उभी ऱ्हात न्हाय, म्याडम. ती पळून जाते."

अध्यक्षबाईंनी पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिता धरून ठेवला.

"तुम्हांला किती दिवसांनी सोडवलं?" हा आवाज दिपालीचा होता. आल्यापासून पहिल्यांदा तिनं आपणहून काही विचारलं.

"त्याच दिशी. दिवस कलायच्या आत. आईला माझ्या दम न्हवता पाच दिवसांचा. ती म्हणायची, सूर्यानं एकदा बघितला का झालं. सटवाईच्या घरी काय कॅलेंडर लावलेलं हाय?"

दिपालीनं सासूकडं पाहिलं. तिला खरं हवं होतं. सीताबाईला ते कळलं. खोटं बोलून तिला पोरगं मिळवून देणं सोपं होतं. पण उद्या त्याला साधी शिंक आली तरी हिच्या काळजात तेच खोटं सलत राहिलं असतं.

"माझ्या सासूनं पाच सांगितले, मी पाच धरले," ती म्हणाली. "पाचच का, ते मना ठाव न्हाय. तिलाबी नसंल. पण ह्या माणसाकडं बघ. एका दिवसात सोडवलेला. मिशी पिकली."

दिपाली चिंधूकडं बघू लागली. त्याच्या मिशीकडं, शर्टाचं बटण ताणणाऱ्या पोटाकडं, पडलेल्या दाताकडं. हाटात वासरू पारखावं तसं बघत होती. चिंधूही निमूट उभा राहिला. उलट तिला नीट दिसावं म्हणून जरा उजेडात सरकला.

"आजारी न्हाय पडलात?"

"एकदा कावीळ. एकदा लग्न."

आणि दिपाली हसली. चटकन, तोंडावर हात घेऊन. हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं आणि थांबेना.

"सोडवा मग," ती म्हणाली. "आई, कोंडा आणा. आधी सोडवा. मग मी सांगते."

अध्यक्षबाई सदस्यांकडं वळल्या. "हे कायद्यात कुठं बसवायचं?"

कोपऱ्यातून रुचिका बोलली. कान लाल झाले होते. "म्याडम, आईचा जबाब पुन्हा घेता येतो. तो कुठं उभं राहून घ्यायचा, असं काही लिहिलेलं नाही."

अध्यक्षबाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "अंगणात घ्या," त्या म्हणाल्या. "दहा मिनिटं. आणि ते सूप सोडायचं मी लिहून देते. नाहीतर पोलीस मलाच विचारतील."

*

बाळारामनं टेम्पोतून तबेल्याच्या कोंड्याचं पोतं ओढलं. अंगणात आंब्याची सावली होती. शेजारच्या कार्यालयातले कारकून खिडकीत आले. रुचिकानं लेकरू आबिदाच्या हातात दिलं. आबिदानं त्याला खांद्याशी धरलं, पाठ थोपटली आणि आकाशाकडं तोंड करून ठणकावून सांगितलं, "माझा हाय." सकाळचं राहिलेलं.

सीताबाईनं सूप भरून कोंडा दिपालीच्या हाती दिला. दिपालीनं तो आबिदापुढं धरला.

"एवढाच?" आबिदा म्हणाली. "वर शीग काढ. माझा पोरगा काय वाटेवर पडलाय?"

"पडलाच हुता की," बाळाराम म्हणाला.

"तू गप."

दिपालीनं ओंजळीनं आणखी कोंडा टाकला. शीग झाली, बाजूनं सांडू लागली, तरी ती टाकत होती. मग आबिदानंच तिचा हात धरला. सूप सीताबाईनं घेतलं. लेकरू एका कुशीतून दुसऱ्या कुशीत गेलं. त्यानं नाक घासलं, वास ओळखला आणि तोंड शोधायला लागलं. दिपाली तिथंच आंब्याखाली मांडी घालून बसली, पदर घेतला, आणि त्याच्या गिळण्याचा आवाज सगळ्यांना ऐकू आला. गटगट, मध्येच ठसका, पुन्हा गटगट. कुणालनं भिंतीकडं तोंड करून शर्टाच्या बाहीनं भुवयांवरची धूळ पुसली. खूप वेळ पुसली.

रुचिका फाईल घेऊन तिच्याजवळ खाली बसली. अध्यक्षबाई ओसरीवर उभ्या होत्या. "विचारा," त्या म्हणाल्या.

"ताई, हे बाळ कुणाचं आहे?"

दिपालीनं एकदा लेकराच्या टाळूवर हात ठेवला. टाळू उडत होती.

"माझा," ती म्हणाली. आवाज आलाच नाही. तिनं खाकरून घसा मोकळा केला. "माझा हाय." मग आणखी मोठ्यानं, कारकुनांच्या खिडकीकडं, आंब्याकडं, वर कुठंतरी. "माझा हाय. माझा."

"एकदा सांगितलं तरी पुरे," अध्यक्षबाई म्हणाल्या.

"तुम्हांला पुरे, बाई. मना न्हाय पुरत."

पहिल्यांदा अध्यक्षबाईंच्या चेहऱ्याची घडी मोडली. सहीला वाकताना त्यांनी सीताबाईला जवळ बोलावलं आणि एका दमात सुनावलं. दर आठवड्याला वजन. सगळी टोचणी. रुचिका महिन्याला घरी येऊन बघणार. आणि आळीत पुन्हा कुठलंही लेकरू उकिरड्यावर दिसता कामा नये, सूप ठेवायचं तर ते ओसरीत ठेवा, तुमच्या देवीला ओसरीही दिसते.

"कुत्रं हुतं म्हणतात," सीताबाई म्हणाली. "ते मी विसरणार न्हाय, बाई. तुम्ही न बोलताबी."

रुचिका त्यांना टेम्पोपर्यंत सोडायला आली. सकाळच्या फॉर्मवर तिनं स्वतःच्या हातानं 'टाकलेलं' हा एक शब्द खोडला होता आणि त्याखाली सही केली होती. तिच्या ओढणीचं टोक अजून ओलं होतं. "मी येईन हं बघायला," ती म्हणाली.

"ये गो बाय," सीताबाई म्हणाली. "झोडणी चालू हाय. आलीस का भारे धरायला लावते."

*

परतताना उन्हं तिरपी झाली होती. पेंढा तबेल्यात उतरवलेला, त्यामुळं टेम्पोचा हौदा रिकामा, आणि त्यात चौघं मोकळी बसलेली. नाक्यावर ट्रक अडकले होते, दोन्हीकडून, जिथवर नजर जाईल तिथवर. बाळारामनं इंजिन बंद केलं. लेकरू पोट भरून झोपलं होतं, ओठाच्या कोपऱ्यात दुधाचा थेंब.

बाजूला एक उंच ट्रक येऊन टेकला. पगडीवाला ड्रायव्हर दोन दिवसांचा जागा दिसत होता. वेळ जावा म्हणून त्यानं खिडकीतून कोपर बाहेर काढलं आणि खाली हौद्यात पाहिलं. तिथं दोन म्हाताऱ्या, एक तरणी, एक निळ्या शर्टाचा माणूस आणि सगळ्यांच्या मध्ये ते इवलंसं गाठोडं.

"किसका बच्चा है, अम्मा?" त्यानं सीताबाईला विचारलं.

सीताबाईनं उत्तर द्यायला तोंड उघडलं. आबिदानंही उघडलं. मग दोघींनी एकमेकींकडं पाहिलं आणि दोघींनीही मिटलं, आणि दिपालीकडं बघत वाट पाहत बसल्या.

"मेरा है," दिपाली म्हणाली. आणि हिंदीत सांगून समाधान झालं नाही म्हणून मराठीत पुन्हा एकदा.